खेळाडूला आपण देव का करतो, आणि तो जरा चुकला की इतके का चिडतो?

कारण त्याच्या यशात आपण आपला वाटा धरलेला असतो. नागपूरच्या जामठा स्टेडियमवरून मॅच बघून परतणारी गर्दी भारत जिंकला तर ‘आपण जिंकलो’ म्हणते, हरला तर ‘यांनी माती खाल्ली’. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी विद्यापीठांत हेच टिपलं: संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त दिसायचे, हरल्यावर बोलण्यात ‘आम्ही’चं ‘ते’ व्हायचं. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा प्यादं कसं चालतं हे माहीत नसलेलं नागपूरही ‘आपली पोरगी’ म्हणत होतंच की! पण वाटा घेतला की बदनामीही अंगाला चिकटते.

शिवाय कव्हर ड्राइव्ह देखणा म्हणजे माणूसही सज्जन, असं आपण धरून चालतो. दोन्हींचा काडीचा संबंध नाही. जाहिरातवाले हाच गैरसमज विकतात.

२०१८ मध्ये केपटाउनला चेंडू कुरतडल्याच्या प्रकरणात आयसीसीने ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथवर एका कसोटीची बंदी घातली. लोक खवळलेले, त्यात त्याच्याच बोर्डाने १२ महिने बसवलं. यातली एक कसोटी नियमाची. बाकी बरंचसं मोडलेल्या प्रतिमेचं.