वाचकांचे प्रश्न : गॅमा किरणांनंतर फिल्म ठिसूळ का होते?

प्रश्न : ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या लहानशा कारखान्यात जखमेवरच्या पट्ट्या पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ फिल्ममध्ये सीलबंद केल्या जातात व नंतर गॅमा किरणांनी निर्जंतुक करून घेतल्या जातात. परत आलेला माल उत्तम दिसतो. मात्र पाच-सहा महिन्यांनी पाकीट दुमडताच चिरते. मात्रा जास्त होत असेल का? अशा फिल्ममुळे जखमेला अपाय होईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मात्रेवर संशय घेण्याआधी फिल्म कोणत्या पॉलिमरची (साखळीसारख्या लांब रेणूंच्या प्लास्टिकची) आहे, हे पाहावे. वैद्यकीय साहित्याला सर्वसाधारणपणे २५ किलोग्रे (ग्रे हे पदार्थाने शोषलेल्या किरण-ऊर्जेचे एकक) मात्रा देतात. तेवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम ६ अंशांनी तापेल, पण पॉलिमरच्या लांब साखळ्यांमधील बंध तोडण्यास ती पुरते. पॉलिएथिलीनमध्ये अशा साखळ्या बहुधा शेजारच्या साखळ्यांशी जोडल्या जातात, तर पॉलिप्रॉपिलीनमध्ये त्या तुटण्याचेच प्रमाण वरचढ ठरते. शिवाय त्याच्या स्फटिकमय भागात अडकून राहिलेली मुक्त मूलके (बंध तुटल्याने उरलेले, चटकन अभिक्रिया करणारे रेणूंचे तुकडे) पुढे कित्येक महिने हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावत राहतात आणि साखळ्या आणखी तुटत जातात. फिल्म पातळ असल्याने ऑक्सिजन तिच्यात सहज शिरतो. म्हणूनच आपला माल परत येतो तेव्हा धडधाकट असतो आणि गोदामात ठिसूळ होतो.

ही झीज वेळीच ओळखायची असेल, तर नुसती ताणशक्ती मोजून भागत नाही. तुटण्यापूर्वी फिल्म किती लांबते, हे मोजावे, कारण घसरण तेथे आधी दिसते. किरणांना टिकणाऱ्या खास प्रतीचे पॉलिप्रॉपिलीन मिळते. ते वापरावे किंवा पॉलिएथिलीनकडे वळावे.

कोबाल्ट-६० या किरणोत्सारी स्रोताच्या गॅमा किरणांनी फिल्म किरणोत्सारी होत नाही, याबद्दल निर्धास्त राहावे. मात्र तुटलेल्या साखळ्यांचे लहान तुकडे आणि फिल्ममधील स्थिरकांचे (प्लास्टिक टिकावे म्हणून मिसळलेल्या रसायनांचे) अवशेष बाहेर झिरपू शकतात. त्यामुळे पेशींवरील विषारीपणाची चाचणी कोऱ्या फिल्मवर न करता किरण दिलेल्या आणि काही महिने ठेवलेल्या फिल्मवरच करावी. ऑक्सिजनशी संयोग झालेला पृष्ठभाग पाण्याने अधिक भिजतो व त्यावर पेशी सहज चिकटतात. पेशीसंवर्धनाच्या भांड्यांसाठी हा गुण हवाहवासा असला, तरी जखमेला टेकणाऱ्या थरात तो तपासून घ्यावा लागतो.

आपल्या बाबतीत खरा धोका त्या चिरेचा आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगेतूनही जंतू आत शिरतात. म्हणून चिरलेल्या पाकिटांचा संपूर्ण बॅच बाजारातून परत घ्यावा आणि त्यातील पट्ट्या पुन्हा किरणित करून विकू नयेत.