अँड्रॉइड ॲपमधला अलार्म माझ्या फोनवर वेळेत वाजतो, आईच्या फोनवर वाजत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो, कारण हेच दुखणं मी दोन वर्षं काढलंय. तुम्ही लिहिलंय की आईच्या बीपीच्या गोळीसाठी ॲप केलं, अलार्ममॅनेजरचं (ठरल्या वेळी ॲपला उठवणारी अँड्रॉइडची सोय) 'सेट रिपीटिंग' वापरलं, तुमच्या फोनवर सकाळी ८ ला बरोब्बर वाजतं पण आईच्या फोनवर कधी ८:२० ला, कधी ९ ला आणि परवा तर वाजलंच नाही, आणि कोड दोन्हीकडे एकच आहे. कोड एकच असला तरी तुमचा फोन दिवसभर हातात नाहीतर केबलला असतो आणि आईंचा रात्रभर कुठेतरी शांत पडलेला असतो, निम्मं उत्तर इथेच आहे.

आधी माझं सांगतो म्हणजे पुढचं पटकन कळेल. आमच्या गावाकडे शेतीला थ्री फेज लाईट पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की वडील बाराच्या सुमारास उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जातात मोटर चालू करायला. पाळीचा कागद भिंतीला चिकटवलेला असायचा, तो कधी बदलायचा कधी नाही, म्हणून मी त्यांना एक छोटं ॲप करून दिलं, पाळीच्या वेळा भरल्या की लाईट यायच्या पंधरा मिनिटं आधी फोन जोरात वाजणार. पुण्यात माझ्या टेबलावर महिनाभर एकदाही चुकलं नाही. गावी पहिल्याच आठवड्यात रात्री पावणेबाराचा अलार्म साडेबाराला वाजला, आणि दुसऱ्या एका रात्री वाजलाच नाही, सकाळी उठून बघतात तर कांद्याचे वाफे कोरडे. वडील काही बोलले नाहीत, पण त्यांनी परत जुनं चावीचं घड्याळ उशाला घेतलं आणि ते मला फार लागलं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा ठरवलं आज कारण शोधायचंच. त्यांचा फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि कोनाड्याशेजारी बसून राहिलो, दोन रात्री अलार्म सेकंदाला वाजला. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की केबल लावली म्हणजे फोन चार्जिंगला लागला, आणि अँड्रॉइड ६ पासून जो डोझ मोड आलाय (२०१५ साली) तो फोन चार्जिंगला असताना लागतच नाही! स्क्रीन बंद, चार्जर काढलेला आणि फोन हलत नाहीये, अशा अवस्थेत काही वेळ गेला की फोन गाढ झोपतो आणि साधे अलार्म अडवून ठेवतो, मग मधूनमधून थोडा वेळ जागा होतो तेव्हा साठलेले सगळे एकदम सोडतो. वडिलांचा फोन रात्री नऊला कोनाड्यात जायचा, बारापर्यंत तीन तास हललेला नसायचा. म्हणजे ज्या वेळी अलार्मची खरी गरज त्याच वेळी फोन सगळ्यात गाढ झोपेत.

आता तुमचं 'सेट रिपीटिंग'. हे फंक्शन अँड्रॉइड ४.४ पासून, म्हणजे २०१३ पासून, नेमक्या वेळेचं राहिलेलंच नाही, सिस्टीम स्वतःच्या सोयीने चार ॲपचे अलार्म एकत्र करून पुढेमागे सोडते. साधं 'सेट' पण तसंच. 'सेट एक्झॅक्ट' नावाने नेमकं आहे पण डोझमध्ये तेही अडकतं. 'सेट एक्झॅक्ट अँड अलाऊ व्हाइल आयडल' डोझमध्ये वाजतं, पण एका ॲपला साधारण ९ मिनिटांत एकदाच, म्हणजे ८ ला गोळी आणि ८:०५ ला परत आठवण असं ठेवलं तर दुसरी मागे ढकलली जाणार. गोळी किंवा मोटर अशा कामाला 'सेट अलार्म क्लॉक' वापरा, दुसऱ्या कशाच्या नादी लागू नका. फोनमधल्या घड्याळाच्या गजराला सिस्टीम जी वागणूक देते तीच याला मिळते, वेळ जवळ आली की फोन स्वतः डोझमधून बाहेर येतो आणि वर पट्टीत घड्याळाचं छोटं चिन्ह दिसतं. त्या चिन्हाचा मला फार उपयोग झाला, वडिलांना सांगितलं की झोपायच्या आधी वर घड्याळ दिसतंय का बघा, नसलं तर मला फोन करा. काहीजण इथे वर्कमॅनेजर (मागच्या मागे कामं उरकणारी अँड्रॉइडची लायब्ररी) सुचवतील, ते चांगलंच आहे पण डेटा सिंक वगैरे कामाला, त्यात ठराविक अंतराचं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतरावर ठेवताच येत नाही आणि नेमक्या वेळेची हमी तर नाहीच नाही.

'सेट अलार्म क्लॉक' एकदाच वाजतं, रोजचं होत नाही. म्हणून अलार्म आला की रिसीव्हरमध्ये (सिस्टीमचा निरोप आला की चालणारा तुमचा कोड) सगळ्यात आधी पुढचा अलार्म लावायचा आणि मग आवाज, नोटिफिकेशन वगैरे. मी आधी उलटं केलेलं, आवाजाची फाईल उघडताना ॲप एकदा क्रॅश झालं आणि साखळी तुटली ती तुटलीच, पुढे आठ दिवस शांतता. आणि पुढची वेळ काढताना २४ तासांचे मिलिसेकंद मिळवू नका, तारीख एक दिवस पुढे नेऊन त्या दिवशीचे ८ काढा. भारतात फरक पडणार नाही पण अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळ तासभर मागेपुढे करतात, तिकडे कोणी तुमचं ॲप वापरलं तर त्या दिवसापासून गोळी तासाने चुकत जाईल.

परमिशनचा घोळ दरवर्षी बदलत गेलाय म्हणून नीट बघा. अँड्रॉइड १२ पासून नेमक्या अलार्मला 'शेड्यूल एक्झॅक्ट अलार्म' ही परमिशन लागते, 'सेट अलार्म क्लॉक'ला पण लागते, आणि नसताना कॉल केला तर ॲप सरळ सिक्युरिटी एक्सेप्शन देऊन पडतं. अँड्रॉइड १३ ला 'यूज एक्झॅक्ट अलार्म' आली, ती इन्स्टॉल करतानाच मिळते आणि युजरला काढून घेता येत नाही, पण प्ले स्टोअरवर ती फक्त ज्यांचं मुख्य कामच अलार्म, टायमर किंवा कॅलेंडर आहे अशा ॲपना चालते. १४ पासून पहिली परमिशन नव्या इन्स्टॉलला आपोआप मिळतच नाही (ॲपचं टार्गेट, म्हणजे ते ज्या अँड्रॉइडसाठी बनवलंय ते, १३ किंवा पुढचं असलं तर), युजरने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. तुमचं ॲप फक्त आईच्या फोनवर एपीके (ॲपची इन्स्टॉल करायची फाईल) टाकून चालवायचं असेल तर प्ले स्टोअरचा नियम लागू होत नाही, दुसरी परमिशन बिनधास्त टाका आणि १२ साठी पहिली पण ठेवा, मॅक्स एसडीके ३२ लिहून (म्हणजे ती १२ च्या पुढे लागू होणार नाही). स्टोअरवर टाकायचं असेल तर ॲप उघडल्यावर दरवेळी सिस्टीमला 'कॅन शेड्यूल एक्झॅक्ट अलार्म्स' विचारा आणि उत्तर नाही आलं तर गुपचूप साधा अलार्म लावू नका, मोठ्या अक्षरात सांगा की ही परवानगी दिल्याशिवाय गोळीची आठवण वेळेत येणार नाही.

परवा वाजलाच नाही ते बहुतेक वेगळ्या कारणाने. फोन बंद होऊन चालू झाला की लावलेले सगळे अलार्म पुसले जातात. आमच्याकडे हे सारखं व्हायचं, लाईट नाही, फोनची बॅटरी संपली, पहाटे कोणीतरी चार्जिंगला लावून चालू केला, आणि ॲपला वाटतंय आपण अलार्म लावलेला आहे. त्यासाठी बूट पूर्ण झाल्याचा, म्हणजे फोन चालू झाल्याचा, ब्रॉडकास्ट (सिस्टीम ॲपना पाठवते तो निरोप) ऐकायचा आणि अलार्म पुन्हा लावायचा हे बहुतेकांना माहीत असतं, पण तो ब्रॉडकास्ट फोन चालू झाल्यावर पहिल्यांदा पॅटर्न किंवा पिन टाकून लॉक उघडल्यावरच येतो. फोन चालू करून तसाच कोनाड्यात ठेवला तर येतच नाही. अँड्रॉइड ७ पासून यावर उपाय आहे, 'लॉक्ड बूट कम्प्लीटेड' ऐकायचा, रिसीव्हर डायरेक्ट बूटला (लॉक उघडायच्या आधीची अवस्था) चालेल असा मॅनिफेस्टमध्ये (सिस्टीमला ॲपची माहिती देणारी फाईल) लिहायचा आणि अलार्मच्या वेळा डिव्हाइस प्रोटेक्टेड स्टोरेजमध्ये (लॉक उघडायच्या आधीही वाचता येणारी जागा) ठेवायच्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे पण म्हाताऱ्या माणसांच्या फोनसाठी मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

माझ्या दृष्टीने मुळात समज अशी ठेवा की खरी नोंद तुमच्या डेटाबेसमध्ये आहे आणि सिस्टीमकडे दिलेला अलार्म कधीही हरवू शकतो. जिथे जिथे तुमच्या कोडला जाग येते तिथे, म्हणजे ॲप उघडलं, फोन रिस्टार्ट झाला, ॲप अपडेट झालं, टाईमझोन बदलला, कोणी घड्याळ हाताने बदललं, परमिशन नव्याने मिळाली, प्रत्येक वेळी डेटाबेस वाचून पुढचा अलार्म परत लावायचा. पेंडिंग इंटेंटचा (अलार्म झाल्यावर काय करायचं ती सिस्टीमकडे दिलेली चिठ्ठी) रिक्वेस्ट कोड, म्हणजे त्या चिठ्ठीचा नंबर, तोच ठेवला तर जुन्याच्या जागी नवा बसतो, डबल होत नाही. पण याचीच दुसरी बाजू म्हणजे सकाळच्या आणि रात्रीच्या गोळीला एकच रिक्वेस्ट कोड दिला तर रात्रीचा सकाळच्याला खाऊन टाकतो, चिठ्ठीसोबतच्या एक्स्ट्रामध्ये वेगळी माहिती घातली तरी सिस्टीम ती तुलनेत धरत नाही. तेव्हा प्रत्येक गोळीचा डेटाबेसमधला आयडीच रिक्वेस्ट कोड म्हणून द्या.

आता फोन कंपन्यांचं. वडिलांचा फोन ज्या कंपनीचा होता त्यात रिसेंट लिस्टमधून ॲप सरकवून काढलं की ते फोर्स स्टॉप केल्यासारखंच व्हायचं, आणि फोर्स स्टॉप झालं की अलार्म पण गेले आणि माणूस परत ॲप उघडेपर्यंत बूटचा ब्रॉडकास्टसुद्धा येत नाही. वडिलांना कोणीतरी सांगितलेलं की रोज रात्री सगळं साफ केलं की बॅटरी टिकते, त्यामुळे ते झोपायच्या आधी नेमाने माझं ॲप मारून झोपायचे. याला कोडात उपाय नाही, सेटिंगमध्येच जावं लागतं, ऑटोस्टार्ट चालू करा, बॅटरीमध्ये त्या ॲपला नो रिस्ट्रिक्शन द्या, आणि रिसेंटमध्ये ॲपला कुलूप लावायची सोय असेल तर लावा. मी ॲपमध्ये एक पान केलं, त्यात त्यांच्याच फोनचे स्क्रीनशॉट आणि बाण काढलेत, शब्द कमी. आणि अँड्रॉइड १२ पासून काही महिने ॲप उघडलंच नाही तर सिस्टीम त्याला झोपवते, गोळीचं ॲप आई रोज ऐकेल पण उघडणार कधी? म्हणून ॲप इन्फोमधलं न वापरलेल्या ॲपचं काम थांबवायचं बटण बंद करून ठेवा.

कधीकधी अलार्म वाजलेला असतो पण ऐकूच येत नाही. १३ पासून नोटिफिकेशनची परमिशन वेगळी मागावी लागते, आवाज अलार्म म्हणून द्यावा लागतो (ऑडिओ ॲट्रिब्यूटमध्ये यूसेज अलार्म) नाहीतर फोन सायलेंटवर असला की गेला, आणि नोटिफिकेशन चॅनेल (नोटिफिकेशनचा एक प्रकार, आवाज त्याला जोडलेला असतो) एकदा तयार झालं की त्याचा आवाज कोडातून बदलता येत नाही, नवीन आयडीचं चॅनेल करावं लागतं. या शेवटच्यात माझा अख्खा रविवार गेलाय. पूर्ण स्क्रीनवर दाखवायचं असेल तर १४ मध्ये तीही परवानगी तपासा.

फ्लटरवाल्यांसाठी (फ्लटर म्हणजे ॲप बनवायची गूगलची दुसरी पद्धत) एक ओळ, प्रश्नाखाली कोणीतरी विचारलंय की त्याचा ८ चा अलार्म दुपारी दीडला वाजतो. साडेपाच तासांचा फरक बघितला की ओळखायचं, टाईमझोन पॅकेजमध्ये लोकल लोकेशन सेट केलेलं नाही, ते यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरतंय. आशिया कोलकाता सेट करा, किंवा फोनचा झोन विचारून तो द्या.

तपासताना रात्रभर जागू नका. फोन लॅपटॉपला जोडा, मग एडीबीने (लॅपटॉपवरून फोनला हुकूम द्यायचं साधन) 'एडीबी शेल डम्पसिस बॅटरी अनप्लग' द्या म्हणजे फोनला वाटेल चार्जर काढलाय, स्क्रीन बंद करा, आणि 'एडीबी शेल डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल' ने डोझमध्ये ढकला. दोन मिनिटांनंतरचा अलार्म लावून बघा वाजतो का. 'डम्पसिस अलार्म' मध्ये तुमच्या पॅकेजचं नाव शोधलं की अलार्म खरंच लागलाय का तेही दिसतं. झालं की बॅटरी रीसेट करायला विसरू नका. आणि ॲपमध्ये एक साधं टेबल ठेवा, ठरलेली वेळ एका रकान्यात, प्रत्यक्ष वाजलेली दुसऱ्यात. वडिलांच्या फोनवरच्या त्या टेबलाने मला जेवढं शिकवलं तेवढं डॉक्युमेंटेशनने नाही शिकवलं, ४० मिनिटांचा उशीर दिसला की डोझ, आणि ओळच नाही म्हणजे एकतर रिस्टार्ट नाहीतर कोणीतरी साफ केलंय.

गेल्या रब्बीत वडिलांच्या टेबलात सगळ्यात मोठा फरक ३ सेकंदांचा होता, चावीचं घड्याळ अजून उशाला असतंच पण आता त्याला चावी देत नाहीत.

तुम्ही आधी फक्त 'सेट रिपीटिंग' काढून 'सेट अलार्म क्लॉक' टाका आणि बूटचा रिसीव्हर लावा, चार दिवस टेबल बघा, आणि आईंच्या फोनवर अँड्रॉइड कितवं आहे ते इथे लिहा, मग पुढचं बघू.