मुंडकी नसलेल्या खोऱ्यातली माणसे गेली कुठे?

प्रश्न : माझा नातू नोकरीनिमित्त कॅनडात कॅल्गरीला असतो. येत्या जुलैमध्ये मित्रांबरोबर नहानी नावाच्या नदीतून होडीने प्रवास करण्याचा त्याचा बेत आहे. सूनबाईंनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. त्या भागाला ‘मुंडकी नसलेल्यांचे खोरे’ म्हणतात, सोने शोधायला गेलेल्यांची तिथे धडे तेवढी सापडली आणि कित्येक जण तर सापडलेच नाहीत, असे तीत सांगितले आहे. घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. यात खरे किती, आणि त्याला जाऊ द्यावे का?
— एक आजोबा, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आजोबा, काळजी जरूर करावी, फक्त ती भुताखेतांची करू नये, नदीच्या पाण्याची करावी. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण या खोऱ्याच्या कथा गेली शंभर वर्षे एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जात आल्या आहेत आणि दर खेपेला त्यांत थोडी भर पडत गेली आहे.

कॅनडाच्या वायव्य प्रांतात दक्षिण नहानी ही 500 किलोमीटरहून लांब नदी डोंगर कापत वाहते आणि पुढे लियार्ड नदीला मिळते. कॅनडाच्याच युकॉन भागातल्या क्लोंडाइक इथल्या सोन्याची बातमी 1896 नंतर जगभर पसरली आणि त्या लाटेत असंख्य माणसे उत्तरेकडे धावली. लियार्ड नदीकाठच्या व्यापारी ठाण्यावर वाढलेले विली आणि फ्रँक मॅक्लाउड हे दोघे भाऊ 1905 च्या सुमारास सोन्याच्या शोधात नहानीच्या खोऱ्यात गेले, ते परत आले नाहीत. त्यांचा भाऊ चार्ली शोधत गेला, तेव्हा 1908 साली नदीकाठी त्यांच्या तळाच्या जागी त्यांचे सांगाडे मिळाले आणि त्यांना कवट्या नव्हत्या, असे सांगितले जाऊ लागले. पुढे 1917 साली मार्टिन योर्गेनसन नावाच्या सोनेशोधकाचे अवशेष त्याच्या जळालेल्या झोपडीपाशी सापडले; त्यालाही शिर नव्हते, अशी नोंद सगळीकडे येते. 1945 मध्ये झोपायच्या पिशवीतच मुंडके नसलेला खाणकामगार सापडल्याची तिसरी गोष्ट तर बहुधा बिननावानेच सांगितली जाते. नकाशावरची नावेही या कथांना शोभतील अशीच पडली. मेलेल्यांचे खोरे, मुंडकी नसलेली डोंगररांग, नरकाचे दार आणि फुटक्या कवटीची नदी ही नावे तिथे आजही छापील नकाशावर आहेत.

आता या धडांकडे जरा जवळून पाहू. उघड्यावर पडलेला मृतदेह कुजू लागला की सांगाड्याचे भाग ठरावीक क्रमाने सुटू लागतात, आणि खालचा जबडा व कवटी हे भाग लवकर सुटणाऱ्यांत मोडतात, कारण कवटीला मानेशी धरून ठेवणारे स्नायू आणि बंध गेल्यावर ती जागेवर राहण्यासारखे तिथे काहीच उरत नाही. कवटी गोल असल्याने उतारावरून घरंगळते, पावसाच्या किंवा बर्फ वितळल्याच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाते. शिवाय अस्वले, लांडगे आणि कोल्हे हाडे ओढून दूर नेतात. मॅक्लाउड बंधूंचे अवशेष सापडेपर्यंत त्यांच्यावरून दोनहून अधिक हिवाळे गेले होते. एवढ्या काळानंतर डोके जागेवर न मिळणे हा शिरच्छेदाचा पुरावा होत नाही; त्यासाठी मानेच्या मणक्यांवर धारदार हत्याराची खूण दिसायला हवी. जंगलात राहणाऱ्या कोणत्याही अनुभवी माणसाला हे ठाऊक असते, पण शहरातल्या वाचकाला ‘कवटी सापडली नाही’ या वाक्यापेक्षा ‘मुंडके उडवले’ हेच अधिक पटते, आणि तिथेच या कथेचे मूळ आहे.

खून मुळीच झाले नसतील, असे माझे म्हणणे नाही. मॅक्लाउड बंधूंबरोबर तिसरा एक साथीदार होता आणि तो सोने घेऊन पसार झाला, ही शंका तेव्हापासून घेतली गेली आहे. तसे असेल तर तो माणसाने माणसाचा लोभापायी घेतलेला जीव ठरतो आणि त्यात खोऱ्याकडे काहीच दोष येत नाही. पण मारेकऱ्यावाचूनही माणसे मरण्याची कारणे तिथे पुष्कळ होती. त्या काळचा सोनेशोधक पीठ, बेकन आणि चहा घेऊन निघायचा. हिवाळ्यात ताज्या भाज्या किंवा फळे नसल्याने स्कर्व्ही हा रोग व्हायचा आणि हिरड्यांतून रक्त यायचे. केवळ सशांच्या मांसावर राहिलेला माणूस पोट भरूनही खंगत जायचा, कारण त्या मांसात चरबी जवळजवळ नसते आणि नुसत्या प्रथिनांवर शरीर तगत नाही. लाकडी झोपडीत लोखंडी शेगडी रात्रभर पेटलेली असायची. एक ठिणगी उडाली की झोपडी जायची आणि उणे चाळीस अंशांत झोपडी गेलेला माणूस सकाळपर्यंत टिकत नाही.

जे सापडलेच नाहीत, त्यांचा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर बहुतांशी पाण्यात आहे. बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात पडलेल्या माणसाचे काय होते, याचा अभ्यास कॅनडातच मॅनिटोबा विद्यापीठातले संशोधक गॉर्डन गीस्ब्रेक्ट यांनी आयुष्यभर केला. त्यांनी सांगितलेला नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : पहिला एक मिनिट श्वास आवरण्यात जातो, त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते सुमारे दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे थंडीने मरण्याच्या कितीतरी आधी पोहता येईनासे होऊन माणूस बुडतो. उबदार पाण्यात बुडालेले शरीर काही दिवसांत फुगून वर येते. थंड पाण्यात कुजण्याची क्रिया इतकी मंदावते की ते तळाशीच राहू शकते, आणि गाळाने गढूळ झालेली वेगवान नदी त्याला कुठे नेऊन पुरेल याचा नेम नसतो. मागे राहते ती काठावरची शिदोरी आणि विझलेली शेकोटी, आणि मग गावात चर्चा सुरू होते की माणूस बसल्या जागेवरून नाहीसा झाला.

या कथा वाढवण्यात वृत्तपत्रांचा वाटा मोठा होता. नहानीच्या खोऱ्यात गरम पाण्याचे झरे आहेत. एवढ्या आधारावर बर्फाच्या मुलखात कायम हिरवीगार, उष्ण प्रदेशासारखी एक दरी दडलेली आहे, अशी वदंता पसरली होती. पिअर बर्टन हे पुढे नामांकित झालेले पत्रकार 1947 च्या ऐन हिवाळ्यात व्हँकुव्हरच्या एका दैनिकातर्फे तिथे विमानाने गेले. त्यांच्या लेखमालेने हे खोरे जगभर गाजले, पण त्यांना ना उष्ण दरी सापडली ना मुंडकी छाटणारे कोणी. याच खोऱ्यात अल्बर्ट फेली नावाचा सोनेशोधक मॅक्लाउड बंधूंच्या सोन्यासाठी कित्येक दशके एकट्याने होडी घेऊन जात राहिला. त्याला सोने मिळाले नाही, पण तो वयाची ऐंशी ओलांडून त्याच भागातल्या फोर्ट सिम्पसन गावी वारला. गस आणि मेरी क्राउस हे दांपत्य तर त्या गरम झऱ्यांपाशीच संसार मांडून राहिले होते. चित्रफिती करणाऱ्यांनी या माणसांनाही थोडी जागा द्यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

नातवाला जाऊ द्यावे का, याविषयी. नहानीवर आज दरवर्षी शेकडो प्रवासी जातात. तिथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि 1978 साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली 12 स्थळे जाहीर केली, त्यांत त्याचा समावेश होता. बहुतेक जण फोर्ट सिम्पसनहून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जातात, उद्यानाच्या कार्यालयात आधी नोंद करतात आणि परतल्यावर आल्याचे कळवतात. नातवाला इतकेच विचारावे : तो व त्याचे मित्र वेगवान पाण्यात होडी चालवायला नीट शिकलेले आहेत का, प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट सतत राहील का, उपग्रहावरून संदेश धाडणारे उपकरण बरोबर आहे का, आणि जाणकार वाटाड्या आहे का. या नदीवरचा व्हर्जिनिया धबधबा 90 मीटरहून उंच आहे, नायगाराच्या जवळजवळ दुप्पट. त्याच्या वरच्या अंगाला वेळीच काठाला लागून होड्या आणि सामान खांद्यावरून खाली न्यावे लागते. या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर आशीर्वाद देऊन पाठवावे. नसतील तर एखाद्या परवानाधारक प्रवासी संस्थेबरोबरच जा, असा हट्ट आपण जरूर धरावा.

प्रश्न : माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यात गेले. रानात चकवा लागून माणूस रात्रभर एकाच जागी फिरत राहतो, असे वडीलधारी मंडळी सांगत. गेल्या वर्षी कच्छच्या बन्नी भागात गेलो असता तिथल्या लोकांनी रात्री दिसणाऱ्या ‘चीर बत्ती’च्या दिव्यांमागे जाऊ नका, असे बजावले. परदेशातल्या निर्जन भागांत नाहीशी होणारी माणसे अशाच कशाने चकत असतील का?
— एक निवृत्त शिक्षक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : गुरुजी, चकवा लागतो, हे अगदी खरे आहे, आणि ते मोजूनही दाखवलेले आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या यान साउमन आणि सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना जर्मनीतल्या सपाट, दाट जंगलात आणि काहींना सहाराच्या वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितले व त्यांचा माग उपग्रहाच्या साहाय्याने टिपला. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेले असताना मात्र ती वर्तुळात फिरली आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडली तरी त्यांना ते कळले नाही. वाळवंटात रात्री चालणारा माणूस चंद्र मावळल्यावर वळत वळत आल्या दिशेला फिरला. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळे तर 20 मीटरइतकी लहान होती. दूरची खूण नसेल तर आपण सरळ चाललो आहोत ही जाणीव पावलोपावली थोडी थोडी ढळत जाते, आणि त्याचा पत्ता चालणाऱ्याला लागत नाही.

चकवा लागला तर जागीच बसावे, उजाडू द्यावे, हा आपल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला आज बचाव पथकेही तसाच्या तसा देतात. हरवलेला माणूस चालत राहिला की शोधायचे क्षेत्र तासागणिक वाढत जाते.

बन्नीतल्या दिव्यांविषयी तिथले गुरे पाळणारे मालधारी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत आणि सीमेवरच्या जवानांनीही ते पाहिल्याचे सांगितले आहे. दलदलीतून निघणाऱ्या वायूचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा पुढे केले जाते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती डोळ्यांची एक खोड : संपूर्ण अंधारात एकच लहानसा स्थिर दिवा पाहत राहिले की तो हलू लागल्यासारखा दिसतो, कारण त्याची जागा ठरवायला आजूबाजूला काहीच नसते. अशा दिव्याच्या रोखाने मीठ आणि चिखलाच्या सपाटीत निघालेला माणूस दिशा हरवणारच. तेव्हा ‘त्यामागे जाऊ नका’ या बजावण्यामागे तिथल्या जमिनीची पुरती ओळख आहे.

प्रश्न : नहानीच्या डोंगरात राहणारी ‘नाहा’ नावाची अख्खी जमात एका रात्रीत अदृश्य झाली, असे वाचनात आले. मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून विचारते, या कथेकडे कसे पाहावे?
— एक विद्यार्थिनी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ, वडोदरा

उत्तर : ही कथा दक्षिण नहानीच्या आसपास हजारो वर्षे राहत आलेल्या डेने लोकांची आहे, आणि ती त्यांच्याकडूनच ऐकावी. नाहा हे डोंगरात राहणारे लढवय्ये लोक सखल भागातल्या वस्त्यांवर हल्ले करत आणि पुढे ते एकाएकी दिसेनासे झाले, एवढा तिचा गाभा आहे. एका रात्रीचा आणि शापाचा भाग सोनेशोधकांच्या गोष्टींशी जुळवण्यासाठी बाहेरच्यांनी ठळक केला. नाहा दक्षिणेकडे निघून गेले असावेत, असे सांगणारे डेनेही आहेत, आणि या म्हणण्याला विचारात घेण्याजोगी एक बाजू आहे : अमेरिकेच्या नैर्ऋत्येला हजारो किलोमीटर दूर राहणाऱ्या नावाहो लोकांची भाषा उत्तरेकडच्या डेने भाषांच्याच कुळातली आहे. म्हणजे या कुळातली माणसे कधी काळी एवढ्या लांब गेली, हे निश्चित. नाहा त्यांच्यांतलेच होते असे यावरून सिद्ध होत नाही, पण एखादा समाज नाहीसा होणे म्हणजे पुष्कळदा त्याने मुलूख सोडणे असते, हे आपल्या अभ्यासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे.

सोन्यासाठी आलेल्यांनी नकाशावर मरणाची नावे पेरली, तर ज्या धबधब्याला 1928 साली एका परक्या प्रवाशाने आपल्या मुलीचे, व्हर्जिनियाचे, नाव दिले त्याला डेने भाषेत आधीपासून नाव होते, आणि ते तिथे कोसळणाऱ्या प्रचंड पाण्यावरून पडलेले आहे. रॅबिटकेटल इथे गरम झऱ्यांनी साचवलेल्या चुन्याच्या पायऱ्यापायऱ्यांचे मोठे उंचवटे आहेत. ते डेने लोकांना पवित्र आहेत, तिथे लोकांचा रक्षक राहतो अशी त्यांची श्रद्धा आहे. तो थर इतका नाजूक आहे की उद्यानाच्या माणसाबरोबर आणि बूट काढून अनवाणीच त्यावर जाता येते. भीतीच्या कथांइतकेच या रक्षकाच्या कथेकडेही आपण संशोधक म्हणून लक्ष द्यावे. 2009 साली या उद्यानाचा विस्तार सुमारे 30,000 चौरस किलोमीटरपर्यंत झाला तो देहचो भागातल्या डेने लोकांच्या सहभागाने, आणि उद्यानाचा कारभारही त्यांच्या सल्ल्याने चालतो. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या कथा, त्या कोणी कोणाला कधी सांगितल्या याच्या नोंदीसह, आपल्या प्रबंधाचा पहिला आधार असाव्यात. सोनेशोधकांच्या आठवणी आणि वृत्तपत्रांची कात्रणे त्यानंतर वाचावीत.