वकीलताईंना विचारा : दोन आठवड्यांचा कोर्स आणि आईच्या पाटल्या

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी इचलकरंजीची, कोल्हापूरला लॉ करतेय, पाच वर्षांच्या कोर्सचं चौथं वर्ष चालू आहे. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला मानवी हक्क कायद्यावर एका विद्यापीठाचा दोन आठवड्यांचा समर प्रोग्रॅम आहे, त्यात माझं सिलेक्शन झालंय. फी, विमान, राहणं, व्हिसा सगळं धरून साडेतीन लाखांपर्यंत जातंय. आई म्हणते माझ्या पाटल्या ठेवू गोल्ड लोनला, बाबा म्हणतात दोन आठवड्यांत कुणी वकील होतं का. सनद मिळायला, नोकरीला याचा उपयोग होतो का? आणि तिथे शिकून आपल्याकडच्या केसेस तिथल्या मानवी हक्क कोर्टात नेता येतात का?

उत्तर : अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते, कारण त्यातच सगळ्यात जास्त गैरसमज असतो. नाही नेता येत. स्ट्रासबर्गचं मानवी हक्क कोर्ट हे कौन्सिल ऑफ युरोपचं, त्यात 46 देश आहेत, आपण त्यात नाही. (युरोपियन युनियन वेगळं आणि हे वेगळं, झेंडा मात्र दोघांचा एकच, त्यामुळे तिथे येणारे निम्मे लोक पहिल्या दिवशी गोंधळतात, मीही गोंधळले होते.) हां, पण ते कोर्ट अर्जदाराचं नागरिकत्व विचारत नाही, तुमच्यावर त्या 46 पैकी एखाद्या देशाची सत्ता चालत असेल तर तुम्ही अर्ज करू शकता. चहल विरुद्ध युनायटेड किंगडम ही 1996 ची केस जायच्या आधी नक्की वाच. माणूस भारतीय नागरिक, ब्रिटन त्याला राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन भारतात परत पाठवायला निघालं होतं, सहा वर्षांहून जास्त काळ डांबून ठेवलेलं, आणि कोर्टाने सांगितलं की परत पाठवल्यावर छळ होण्याचा खरा धोका असेल तर पाठवता येणार नाही, सुरक्षेचं कारण कितीही मोठं असू दे. आपल्या देशाबद्दल तिथे काय बोललं गेलं ते वाचून जरा बोचतं, पण वाच.

आशियाला असं कोर्टच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत 1979 ला सामील झाला, पण वैयक्तिक तक्रार करायची सोय ज्या जोड-करारात आहे तो आपण स्वीकारलेला नाही, म्हणजे ते दारही बंदच. छळविरोधी करारावर 1997 ला सही केली, मंजुरी अजून नाही. तेव्हा तुझी लढाई शेवटी मुंबई हायकोर्टात नाहीतर दिल्लीलाच होणार.

सनदेला उपयोग शून्य, हे सरळ सांगते. बार कौन्सिलला तुझी एलएलबी लागते आणि पुढे ती ऑल इंडिया बारची परीक्षा, समर प्रोग्रॅमच्या सर्टिफिकेटला तिथे कोण विचारतंय. नोकरीत बायोडाटावर एक ओळ वाढते, आणि मुलाखत घेणारा माणूस जाणकार असेल तर तो त्या ओळीवर एकच प्रश्न टाकतो, "तिथून काय आणलंस?" आता मी काय आणलं ते सांगते, मग तू ठरव.

मी स्ट्रासबर्गला अशाच प्रोग्रॅमला गेले तेव्हा सेशन्स कोर्टात वकिली करून सहा वर्षं झाली होती, त्यामुळे जरा आखडूनच गेले होते. दुसऱ्याच दिवशी आम्हाला स्ट्रासबर्ग कोर्टाचा अर्जाचा फॉर्म भरायला दिला, केस आपापल्या देशातली घ्यायची, समजा तो देश सदस्य आहे असं धरून. त्या फॉर्मवर हकीकतीसाठी तीन पानं असतात, कुठल्या हक्काचा भंग झाला त्यासाठी दोन. जास्तीचा खुलासा जोडायचा असेल तर फार तर 20 पानं. फॉर्म अर्धवट भरला तर कोर्ट दाखलच करून घेत नाही, आणि शेवटच्या देशी निकालापासून चार महिन्यांत अर्ज गेला पाहिजे, पूर्वी सहा होते, 2022 च्या फेब्रुवारीपासून चार झाले. मी आपली पोलीस कोठडीतली एक केस घेतली आणि सवयीने "सदर अर्जदार नम्रपणे नमूद करतो की" करत अकरा पानं लिहिली. शिकवणाऱ्या बाईंनी लाल पेनाने नऊ पानांवर आडवी रेघ मारली आणि उरलेल्या दोनांत समासात लिहिलं, तारीख कुठाय? मार कधी बसला, डॉक्टरकडे कधी नेलं, कागद कुठला? माझ्या अकरा पानांत विशेषणं भरपूर, तारखा तीन. तेव्हापासून मी अर्ज लिहायला बसले की आधी एका कागदावर फक्त तारखा मांडते, अजूनही.

दुसरी गोष्ट वर्गातली. त्या कोर्टात अर्ज करायचा तर तुम्ही स्वतः पीडित असायला लागता, दुसऱ्या कुणासाठी जनहित याचिका टाकायची सोयच नाही. 2024 ला स्वित्झर्लंडच्या म्हाताऱ्या बायकांच्या संघटनेला हवामान बदलाच्या केसमध्ये उभं राहू दिलं त्याचं केवढं कौतुक झालं, कारण संघटनेला तसं सहसा उभं राहू देत नाहीत. मी म्हटलं आमच्याकडे शीला बारसे नावाच्या पत्रकार बाईंनी मुंबईच्या जेलमध्ये 15 बायकांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, त्यातल्या पाच जणींनी कोठडीत पोलिसांनी मारल्याचं सांगितलेलं, आणि कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं, 1983 ला निकाल दिला. शेजारी पोलंडची मुलगी होती, ती दोनदा म्हणाली, "पत्र? साधं पत्र?" मला काय अभिमान वाटला सांगू. मग तिने विचारलं, निकालात काय म्हटलं. मी सांगितलं, बायकांसाठी वेगळी कोठडी, पहारा महिला पोलिसांचा, अटक झाली की लगेच लीगल एडला, म्हणजे फुकट वकील देणाऱ्या समितीला कळवायचं, शहरातल्या सेशन्स जजनी मधूनमधून न सांगता कोठड्यांना भेट द्यायची. ती म्हणाली, बरं, मग आता किती वेळा जातात जज?

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं त्याच कोर्टांत वावरून मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. परत आल्यावर पहिलं काम ते केलं, तीन महिने माहिती अधिकाराचे अर्ज टाकत बसले, उत्तरं काय आली हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

म्हणून पाटल्यांबद्दल माझं मत, आत्ता ठेवू नका. चौथ्या वर्षाला तुझ्याकडे त्या मुलीने विचारावं असं अजून काही नाहीये, राग मानू नकोस, माझ्याकडेही तेव्हा नव्हतं, मी कॉलेजात फक्त नोट्स पाठ करत होते. प्रोग्रॅमवाल्यांना ईमेल कर की पुढच्या वर्षी जागा ठेवता का, फीमध्ये सवलत आहे का, विचारायला पैसे पडत नाहीत आणि आपली मुलं नेमकं तेच विचारायला लाजतात. मधल्या वर्षात कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पॅरा लीगल व्हॉलंटियर म्हणून नाव दे, कळंबा जेलला लीगल एडचं काम असेल तिथे मागे लागून जा, कच्च्या कैद्यांशी बोल. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळायचा हक्क 1987 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे, किती जणांना ते माहीत असतं ते आपल्या कानाने ऐक. एक केस अशी घे की जिच्या तारखा तुला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतील. ती घेऊन गेलीस तर दोन आठवडे पुरतात.

आणि गेलीसच तर तारखा बघून जा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत त्या कोर्टाला सुट्टी असते, म्हणजे बाहेरून इमारत बघून फोटो काढून यायचं. सुनावणी बसून ऐकता येते, आधी नाव नोंदवायला लागतं. ग्रँड चेंबरला, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या खंडपीठाला, 17 जज एका कमानीत बसतात आणि दोन्ही बाजूंना बोलायला मोजून मिनिटं मिळतात, आपल्याकडच्या "मायलॉर्ड, एक शेवटचा मुद्दा" वाल्यांना तिथे घाम फुटेल.

बाबांना सांग, दोन आठवड्यांत कुणी वकील होत नाही हे त्यांचं बरोबर आहे.

प्रश्न : मी वकील नाही. नंदुरबार जिल्ह्यात वनहक्क दाव्यांचं काम बारा वर्षं करतोय. असे कोर्स आमच्यासारख्यांना घेतात का? इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळतो.

उत्तर : दादा, घेतात, बऱ्याच ठिकाणी लॉची डिग्री लागतच नाही, कामाचा अनुभव बघतात, आणि अडखळत बोलणारे तिथे निम्मे असतात, इटलीचे, जपानचे, कुणी हसत नाही. पण तुम्हाला स्ट्रासबर्ग नको, जायचंच तर जिनिव्हा. संयुक्त राष्ट्रांची मानवाधिकार परिषद तिथे बसते आणि प्रत्येक देशाचा दर साडेचार वर्षांनी तिथे आढावा होतो, भारताचा 2008, 2012, 2017 आणि 2022 ला झाला. त्या आढाव्यासाठी संस्था आपला अहवाल घरबसल्या पाठवू शकतात, फी नाही. पानांची मर्यादा असते, तेवढ्यात किती दावे अपात्र ठरवले, कुठल्या कारणाने, कुठल्या गावात, हे तुम्ही जे लिहाल ते मला कुठल्याही कोर्सने लिहिता आलं नसतं. तोवर संयुक्त राष्ट्रांच्या ऑडिओव्हिज्युअल लायब्ररीत मोठमोठ्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत ती ऐका, कान तयार होतो.

प्रश्न : फोंड्याहून लिहितोय. मुलगी इंग्लंडला एसेक्स विद्यापीठात मानवी हक्कांच्या छोट्या कोर्सला जातेय. म्हणते, येताना पॅरिस आणि जिनिव्हा बघून येते. व्हिसा एकच चालतो ना?

उत्तर : काका, नाही चालत! ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) वेगळा. पॅरिस आणि जिनिव्हा दोन्ही एका शेंगेनमध्ये येतात, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही तरी शेंगेनमध्ये आहे. त्याला 30,000 युरोचा प्रवास विमा लागतो, अर्ज जायच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी तरी जायला हवा, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही म्हणून एप्रिलमध्येच हात घाला. आणि तिला सांगा कॉलेजचं बोनाफाईड दोन प्रतींत, सही-शिक्क्यासह घ्यायचं. माझा शिक्का पुसट होता, मला परत पाठवलं होतं.