बी.ए.च्या मुलांना मानसशास्त्र शिकवताना नोट्स द्याव्यात की पीपीटी दाखवावी?

तुम्ही लिहिलंय की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवायला नुकतीच सुरुवात केलीय, मुलं पुस्तक उघडत नाहीत, सारखी नोट्स मागतात. पीपीटीचं मला विचारू नका, माझी सगळी नोकरी खडू-फळ्यावर गेली. नोट्सचं मात्र सांगते. देऊ नका. यावरून आमच्या विभागात वर्षानुवर्षं वाजलेलं आहे.

कॉलेज बडोद्यातलंच. वर्गात बहुतेक मुलं गुजराती माध्यमाची, चार-दोन आपली मराठी, दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची. विभागप्रमुख मराठीच, माणूस अतिशय सज्जन, पण शिकवणं म्हणजे पिवळी पडलेली वही काढून स्वल्पविरामासकट सांगत जाणं. प्रॅक्टिकलचीही तीच तऱ्हा. उपकरणांच्या कपाटाला कुलूप आणि जर्नल, म्हणजे प्रयोगवही, मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवलेलं. प्रयोगात झालेल्या सबंध वर्गाच्या चुकांचे आकडे उतरत्या क्रमाने, अगदी पुस्तकात असावेत तसे!

मी एका वर्षी भांडून किल्ली घेतली आणि मिरर ड्रॉइंग काढलं. हात पडद्याआड, समोर आरसा, आरशात बघून चांदणीच्या कडेने पेन्सिल फिरवायची. सरळ रेषेवर जमतं, कोपरा आला की पेन्सिल तिथेच थरथरत राहते. डोळा सांगतो वर, हात जातो खाली. एका हाताने सराव केला की दुसऱ्याही हाताच्या चुका कमी होतात, हे दाखवायचं असतं. एका मुलीच्या डाव्या हाताच्या चुका काही कमी होईनात. पहिल्या फेरीपासूनच त्या मुळात थोड्या होत्या. घाबरून म्हणाली, "मॅडम, हवे शुं लखुं?" आता काय लिहू, म्हणून. म्हटलं, "जे आव्युं ते लख." जे आलं तेच लिही. दुसऱ्या दिवशी चर्चेच्या भागात तिने आपणहून लिहून आणलं, की मी जन्माची डावखुरी, शाळेत उजव्याने लिहायला लावलं, तेव्हा सुधारायला जागा होतीच कुठे?

बी.ए.च्या पोरीने याहून अधिक काय करायचं? पण एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, मार्क कापले, निष्कर्ष पुस्तकाशी जुळत नाही म्हणून. विभागप्रमुख स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुमच्या हौसेपायी पोरीचं नुकसान झालं."

त्यांना तेव्हा जे सांगितलं तेच इथे सांगते. एच. एम. या रुग्णाची 1953 साली अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नवं काही लक्षात राहीनासं झालं. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला हीच चांदणी आरशात बघून काढायला दिली. हे आपण पूर्वी केलंय याची त्याला आठवण नसे, पण चुका दिवसागणिक कमी होत गेल्या. स्मृती एकाच प्रकारची नसते, हे कळायला ज्या चांदणीचा एवढा उपयोग झाला, ती आम्ही कुलपात ठेवून 'स्मृतीचे प्रकार' लिहून देत होतो.

नोट्सचंही तसंच. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006चा प्रयोग तुम्हाला ठाऊक असेलच. काही मुलांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. नोट्स पाठ करणाऱ्यांना सगळं येतंय असं वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं. म्हणून तासाच्या शेवटी वह्या मिटायला लावा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायला सांगा. मार्क देऊ नका. कुरकुर होते, होऊ द्या.

आता थोडं सबुरीचं. शंभराचा वर्ग असेल तर प्रत्येकाला आरसा मिळणार नाही. पुठ्ठा, घरचा आरसा आणि चांदणीच्या झेरॉक्सवर गटागटाने भागतं. परीक्षेच्या तोंडावर प्रश्नांची यादी मीही देत असे, पोरांना पास तर व्हायचंच असतं. आणि तासिकेवर असाल तर पहिल्याच वर्षी विभागप्रमुखांशी वाद घालू नका. माझी नोकरी कायम होती.

पुढेमागे एक्स्टर्नल म्हणून कुठे गेलात तर तोंडी परीक्षेला पहिल्यांदा त्यांना बोलवा, ज्यांचे आकडे पुस्तकाशी तंतोतंत जुळतात. कोपऱ्यावर पेन्सिल कुठे अडकली, एवढंच विचारा.