वाचकांचे प्रश्न: दान मिळालेला फोटो फेसबुकवर टाकावा का?

प्रश्न: ताई नमस्कार. पारोळा तालुक्यात आमचं छोटं सार्वजनिक वाचनालय आहे, मागच्या खोलीत गावातल्या लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू मांडल्यात, जातं, पाभर, सावकारी चोपड्या, पत्रं, लग्नाचे फोटो. सगळे फोटो स्कॅन करून फेसबुक पेजवर टाकले, लोकांना लई आवडलं. पण परवा नाशिकहून एका ताईंचा फोन आला, आमच्या आजीचा फोटो कोणाला विचारून टाकला, काढा म्हणे. फोटो तर त्यांच्याच काकांनी स्वतः आणून दिलेला. आता काय करायचं?

उत्तर: भाऊ, आधी फोटो पेजवरून उतरवा आणि उतरवला हे त्या ताईंना स्वतः फोन करून सांगा, कायद्याचं त्यानंतर बघू. घरातल्या माणसाचा चेहरा आहे तो, राग येणारच.

आता तो फोटो हातात घ्या आणि उलटा करा. मागे स्टुडिओचा जांभळ्या शाईचा शिक्का असेल, कधी पेन्सिलीनं लिहिलेला नंबर असतो. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा असं म्हणतो की पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा, स्टुडिओवाल्याचा नाही. म्हणजे आजोबांनी पैसे दिले असतील तर हक्क आजोबांचा आणि त्यांच्या मागे वारसांचा. काकांनी तुम्हाला फोटोचा कागद दिला, तो तुमचा झाला, पण तो जगाला दाखवायची परवानगी सगळ्या भावंडांच्या वतीनं दिली असं त्यातून होत नाही. फोटोग्राफरनं स्वतःच्या मनानं काढलेल्या फोटोचं वेगळं, तिथे हक्क त्याचाच, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून मुदत त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. आपले चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस ३१ डिसेंबर १९८९ ला गेले, त्यांच्या बहुतेक कामाचा हिशोब २०४९ च्या अखेरपर्यंत जातो.

पत्रांचं तर अजून नाजूक आहे. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकूर लिहिणाऱ्याचा. अमळनेरला शिकवलेले साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, त्यांनी हयातीत छापलेलं सगळं १ जानेवारी २०११ पासून कोणालाही वापरायला मोकळं आहे, पण समजा कोणाच्या पेटीत गुरुजींचं कधीच न छापलेलं पत्र निघालं तर ते पहिल्यांदा छापल्यापासून ६० वर्षं मोजायची. बहिणाबाईंचं बघा, त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या आणि गाणी पुस्तकात आली १९५२ ला, म्हणून त्या पुस्तकातली गाणी मोकळी झाली २०१३ पासून, २०१२ पासून नाही.

स्कॅन करून ठेवायला घाबरू नका. मूळ प्रत जवळ असेल तर जपणुकीसाठी ती डिजिटल करून ठेवायची मुभा ना-नफा सार्वजनिक वाचनालयाला कायद्यानंच आहे. पण ती ठेवायची, फेसबुकवर टाकायची नाही.

म्हणून माझा सगळा जोर दानपत्रावर आहे. वस्तू घेतानाच एक साधा कागद करा, कोणी दिली, त्यांचा त्यावर काय हक्क, बाकीचे वारस कोण, प्रदर्शनात लावू का, इंटरनेटवर टाकू का, छापू का, प्रत्येकाला वेगळी हो-नाही आणि खाली सही. त्यात किती वर्षांसाठी आणि कुठे हे नक्की लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षंच धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि फेसबुक तर जगभर दिसतं.

हे मी पोटतिडकीनं सांगते कारण आमच्या मावशीचं असं झालं. कानबाईची, आपल्या खानदेशातल्या देवीची, गाणी म्हणून घेतली एका संस्थेनं, मावशी जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून दोन तास गायली, सही नाही, काही नाही. वर्षभरानं तिचा आवाज कोणाच्या तरी जाहिरातीच्या व्हिडिओत ऐकू आला. मावशी एवढंच म्हणाली, "माय, मन्हा आवाज कोणी इकी टाका?" गाणं परंपरेचं असलं तरी गाणाऱ्या बाईला कलाकार म्हणून ५० वर्षं हक्क असतो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं आणि तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

प्रश्न: आमच्या संग्रहालयात पाहुण्यांचं नाव, गाव, मोबाईल रजिस्टरमध्ये लिहून घेतो. त्या नंबरांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला, कार्यक्रम कळवायला. एक जण चिडून लेफ्ट झाले. शाळेच्या सहलींचे फोटो पण टाकतो. चुकलं का? (चोपडा)

उत्तर: हो, चुकलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात कागदी रजिस्टर येत नाही, पण त्यातला नंबर फोनमध्ये टाइप केला की तो आत आला. लोकांनी नंबर दिला तो भेटीची नोंद म्हणून, जाहिरातीसाठी नाही, आणि ग्रुपमध्ये तर प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. ग्रुप बंद करा, ज्यांना हवं त्यांना विचारून ब्रॉडकास्ट लिस्ट करा. आणि ते रजिस्टर टेबलावर उघडं ठेवू नका हो, मागून येणारा कोणीही आधीच्या मुलीचा नंबर वाचतो, मी डोळ्यांनी बघितलंय. मोबाईलचा रकाना काढून टाकला तरी काय अडतंय?

सहलीच्या मुलांचं, १८ खालच्या प्रत्येकासाठी आईवडिलांची परवानगी लागते, सर हो म्हणाले तेवढं पुरत नाही. पाठमोरे फोटो टाका, छान दिसतात. या डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, तोवर सवय लावून घ्या. संशोधन आणि संग्रहणाला या कायद्यात सूट आहे पण अटींसकट, आणि व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे संग्रहण नाही.

प्रश्न: जुन्या मोडी कागदांच्या स्कॅनवर आमचा कॉपीराइट लिहू का? (शिरपूर)

उत्तर: नको. नुसत्या मेहनतीनं कॉपीराइट मिळत नाही, थोडं तरी स्वतःचं कसब लागतं, असं सुप्रीम कोर्टानं २००७ मध्येच सांगितलंय, आणि जशाच्या तशा स्कॅनमध्ये ते नसतं. "संग्रह" लिहून संस्थेचं नाव टाका. तुम्ही लिहिलेली प्रस्तावना, टिपा तुमच्याच. इतिहासकार वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले, त्यांनी छापलेल्या लेखनाचा कॉपीराइट केव्हाच संपला, तरी आपण त्यांचं नाव घेतल्याशिवाय ते वापरत नाही ना, तसंच मोडी वाचून बाळबोधीत आणणाऱ्याचं नावही स्कॅनखाली टाका, ते बहुतेक ठिकाणी राहूनच जातं.