तूप, जवस आणि गुडघ्याची पुडी

वय ५२. डॉक्टरच्या सांगण्यावरून तेल-तूप कमी केलं. सोयाबीनची सोंगणी झाल्यापासून लय थकल्यासारखं वाटते. चरबी कमी पडल्यानं अ‍ॅड्रिनलचे हार्मोन घटले काय? (एक शेतकरी, दारव्हा तालुका)

नाही. किडनीच्या माथ्यावर बसलेल्या या ग्रंथी जेमतेम ४-५ ग्रॅमच्या. कापली की बाहेरचा थर पिवळसर दिसतो. तो रंग साठवलेल्या कोलेस्टेरॉलचा, आणि या ग्रंथींचं मुख्य हार्मोन, कॉर्टिसॉल, त्यातूनच बनतं. पण दिवसाला लागतं किती? साधारण १० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल. एक चमचा तुपातच तेवढं कोलेस्टेरॉल असतं, आणि तूप सोडलं तरी शरीर रोज कित्येकशे मिलिग्रॅम स्वतः तयार करतं. माल कमी पडत नाही. किती बनवायचं हा हुकूम मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचा, तुमच्या ताटाचा नाही. म्हणून वाटीभर तूप ओतूनही कॉर्टिसॉल वाढणार नाही.

थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, बी-१२ तपासा. वजन घटतंय, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडताहेत, मीठ खावंसं वाटतं, असं असेल तर मात्र सकाळी ८ च्या सुमारास कॉर्टिसॉल तपासून घ्या. पूर्वी टीबी झाला असेल तर तेही सांगा. टीबी या ग्रंथी खातो.

कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. हार्मोन बंद पडतील का?

नाही पडणार. नेहमीच्या डोसमध्ये ग्रंथीला पुरेल एवढं उरतंच. शेजाऱ्याच्या सल्ल्यानं गोळी सोडू नका.

जवसाची चटणी अ‍ॅड्रिनलला ताकद देते, असं मोबाइलवर पाहिलं. खरं का?

चटणी खा, मीही भाकरीवर घेतो. जवसात ओमेगा-३ भरपूर, पण कोलेस्टेरॉल नाही. अ‍ॅड्रिनलशी तिचा संबंध मोबाइलनंच जोडला.

आईचे गुडघे दुखतात. बाजारातली बिननावाची पुडी सहा महिने घेते, दुसऱ्याच दिवशी उठून वावरात जाते. आता चेहरा फुगला, शुगर वाढली. पुडी बंद करू का?

एकदम बंद करू नका! आज आलेलं हे सगळ्यात काळजीचं पत्र. एका दिवसात गुडघे मोकळे करणाऱ्या बिननावाच्या पुडीत बहुतेकदा स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं औषध, असतं. ते बाहेरून मिळत राहिलं की पिट्यूटरी हुकूम देणं थांबवते आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसतात. मग पुडी अचानक सुटली, वरून ताप किंवा हगवण लागली, की बीपी कोसळतं, वांत्या होतात, माणूस हातचा जातो. तूप-लोण्यानं ही उणीव भरत नाही.

उरलेल्या पुड्या रुमालात बांधून आईसोबत फिजिशियनकडे न्या. ते ओळखीचं औषध मोजून सुरू करतील आणि काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, हळूहळू उतरवतील. मधेच वांत्या किंवा चक्कर आली तर वाट न पाहता दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, "सहा महिने पुडी घेत होती."

लाजेपायी हे एक वाक्य लपवलेले पेशंट मी पाहिले आहेत.